स्तंभ, मशीनगन आणि कट्यार : एका टोपीवरच्या बिल्ल्याची पारख

महार रेजिमेंटचा जुना बिल्ला खरा की नकली, हे ठरवायला भिंगाच्या आधी सनावळी लागते. बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या घरात ट्रंकेच्या तळाशी कापडात गुंडाळलेला पितळी बिल्ला निघतो आणि 'आजोबा ब्रह्मदेशच्या लढाईत होते, तेव्हाचा हा' असं सांगितलं जातं. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण बिल्ल्यावरचं चित्र वेगळंच सांगत असू शकतं.

पहिल्या महायुद्धात, 1917 साली, 111वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 साली मोडली. महारांना सैन्याचं दार पुन्हा बंद झालं. ते उघडावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सातत्याने पाठपुरावा केला. अखेर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी जून 1942 मध्ये कामठीला. बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात आणि वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला, त्यामुळे इकडच्या पोरांना कामठी परकी नव्हती.

या रेजिमेंटचा बिल्ला कॅप्टन मॉर्टलमन्स या अधिकाऱ्याने आखला. त्यावर भीमा कोरेगावच्या लढाईचा स्मारकस्तंभ होता आणि 'महार' हा शब्द. ऑक्टोबर 1946 मध्ये रेजिमेंटचं रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झालं, तेव्हा स्तंभाबरोबर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या आणि खालच्या पट्टीवर मशीनगन रेजिमेंट असल्याचा उल्लेख आला. स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला, त्याच्या जागी कट्यार आली. मशीनगन आणि कट्यार आजही आहेत.

आता आजोबांची गोष्ट पुन्हा ऐका. ब्रह्मदेशच्या मोहिमेत दुसरी पलटण होती आणि युद्ध 1945 साली संपलं. बिल्ल्यावर स्तंभाबरोबर मशीनगन असतील, तर तो ब्रह्मदेशात कुणाच्याही टोपीवर असूच शकत नाही. म्हणून तो नकली ठरतो का? मुळीच नाही. रेजिमेंटच्या पलटणी 1947 मध्ये पंजाब सीमा दलात होत्या, निर्वासितांचे काफिले सांभाळत होत्या. आजोबा तोवर नोकरीत असतील, तर त्यांना हाच बिल्ला मिळाला असेल. बिल्ला खरा, आठवण दोन वर्षं अलीकडे सरकवायची. माझ्या मते अशा घरांत बिल्ल्यापेक्षा त्यामागची गोष्टच जास्त वेळा दुरुस्त करावी लागते.

स्तंभ आणि मशीनगन एकत्र असलेला बिल्ला फार थोडा काळ चालला, म्हणून संग्राहक त्याच्यामागे असतात. मागणी आली की नक्कल येतेच. शिवाय दरवर्षी 1 जानेवारीला भीमा कोरेगावला लाखो लोक जमतात, तिथे स्तंभाची चित्रं आणि बिल्ले विकले जातात. यात फसवणूक कुणाचीच नाही. पण असा बिल्ला तीस वर्षं ट्रंकेत राहिला की नातवंडं त्याला पणजोबांचा म्हणू लागतात.

चित्र जुळलं की मग बिल्ला उलटा करायचा. या कामाला खामगावसारखी जागा नाही. चांदीच्या या गावातल्या जुन्या कारागिराला ठशाचं काम आणि ओतीव काम यांतला फरक सांगावा लागत नाही. ठशाखाली पत्रा दाबून केलेल्या बिल्ल्यात पुढचा उठाव मागे खळग्यासारखा उमटतो, कडा धारदार राहतात, बारीक रेघा स्वच्छ दिसतात. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेची पाठ बहुधा सपाट आणि रवाळ असते, हवेचे बारीक खड्डे दिसतात. थंड होताना धातू आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहानही भरते. मागच्या कड्या कशा जोडल्या आहेत तेही पाहावं. बिल्ला काळवंडलेला आणि डाक मात्र लखलखीत, असं असेल तर कड्या अलीकडे लागल्या आहेत. पण ती दुरुस्तीही असू शकते. झीज मात्र सहसा खोटं बोलत नाही. रोज पॉलिश होणाऱ्या बिल्ल्याचे उंच भाग गुळगुळीत होतात आणि खोबणींत पॉलिशचा पांढरा थर बसतो. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल, तर तो रसायनाचा समजावा.

इथे इंग्लंडच्या संग्राहकांचे नियम जसेच्या तसे लावू नयेत. त्यांच्याकडे ओतीव म्हणजे संशयास्पद. आपल्याकडे युद्धकाळात छावणीच्या बाजारातले कारागीरही बिल्ले ओतून देत आणि शिपाई तेच टोपीला लावत. ओबडधोबड असले तरी ते अस्सलच.

इतर हिंदी पलटणींच्या बिल्ल्यांवर मुकुट असेल, तर त्याच्या कमानी पाहाव्यात. 1901 नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर चढतात. राणी एलिझाबेथच्या मुकुटाच्या मधोमध खाली दबलेल्या असतात. ती 1952 साली गादीवर आली, तर भारत 26 जानेवारी 1950 रोजीच प्रजासत्ताक झाला होता. दुसऱ्या महायुद्धातला म्हणून विकायला आलेल्या बिल्ल्यावर तिचा मुकुट असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

एवढं सगळं जुळलं तरी बिल्ला आजोबांचाच, हे धातू सांगत नाही. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असे. टोपीच्या बिल्ल्यावर तसं काही नसतं. त्यासाठी डिस्चार्ज बुक शोधावं. ते सापडलं नाही, तर नंबर आणि नाव घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. महार रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय मध्य प्रदेशात सागरला आहे. आणि तोवर बिल्ल्याला चिंच किंवा ब्रासो लावू नये. खोबणीतला तो थर एकदा निघाला की परत बसवता येत नाही.