यलो गेटला आलेले चाचे

'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज २२ ऑक्टोबर १९९९ रोजी इंडोनेशियातून सुमारे ७,००० टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन जपानला निघाले आणि वाटेतच चाच्यांच्या हाती पडले. १७ खलाशांना तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून देण्यात आले. थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवले नसते, तर त्यांचे काय झाले असते हे सांगायला नको. जहाजाला नवा रंग लागला, 'मेगा रामा' हे नाव चढले. तरीही अरबी समुद्रात ते ओळखू आले. तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' या गस्तनौकेने पाठलाग सुरू केला. महाराणी ताराबाईंचे नाव मिरवणाऱ्या नौकेने हे काम करावे, हा योग मराठी मनाला सुखावणारा आहे. पुढे नौदलाची 'प्रहार' मदतीला आली. चाच्यांनी जहाज पेटवून बुडवायचाही प्रयत्न केला, पण अखेर १६ नोव्हेंबरला १५ इंडोनेशियन पकडले गेले. जहाज ओढून मुंबईला आणले आणि प्रकरण बंदरातल्या यलो गेट पोलीस ठाण्याकडे आले.

खरी अडचण इथून सुरू झाली. हल्ला परक्या समुद्रात झालेला, जहाजाची नोंदणी पनामाची, खलाशी जपानी आणि फिलिपिनो, आरोपी इंडोनेशियन. भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. खटला उभा राहिला तो दंड संहितेतली इतर कलमे आणि इंग्रजी अमदानीतले सागरी कायदे यांच्या आधारावर. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सात वर्षांची शिक्षा ठोठावली, पण २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून ते सुटले. जिवावर उदार होऊन पकडलेले आरोपी कायद्याच्या उणिवेपायी निसटावेत, ही गोष्ट जहाजावर पोट असणाऱ्या प्रत्येकाला बोचणारी होती.

२०११ मध्ये सोमाली चाचे थेट लक्षद्वीपच्या बाजूला येऊन ठेपले. त्या वर्षी नौदलाने आणि तटरक्षक दलाने शंभराहून अधिक जणांना पकडून मुंबईत आणले. स्वतंत्र कायदा मात्र त्यानंतरही बरीच वर्षे रखडला. सागरी चाचेगिरीविरोधी कायदा अखेर २०२३ मध्ये लागू झाला. त्यात चाचेगिरीची व्याख्या आहे, आजन्म कारावासाची तरतूद आहे आणि खुल्या समुद्रातला आरोपी कोणत्याही देशाचा असला, तरी त्याच्यावर इथे खटला चालवता येतो.

मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर 'रुएन' हे अपहृत जहाज गाठले. नौदलाचे मार्कोस कमांडो विमानातून समुद्रात उतरले. ४० तासांच्या कारवाईत १७ खलाशी सुटले आणि ३५ चाचे शरण आले. २३ मार्चला त्यांना मुंबईत पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा गुन्ह्याची नोंद कोणत्या कायद्याखाली करायची हा प्रश्न उरला नव्हता.