पायाखालचे सुकाणू

संगणकावर विमान उडवणारे विद्यार्थी आम्हाला विचारतात, “जॉयस्टिक तर आहे, पायाचे पेडल घ्यायचे, तर कोणते?” त्याआधी पेडलचे काम पाहू. वळण्यासाठी विमान डावीकडे कलवले, की वर उचलल्या जाणाऱ्या उजव्या पंखाला हवेचा रोध जास्त होतो आणि नाक भलतीकडेच, म्हणजे उजवीकडे ओढले जाते. ते सावरायचे पायाने, शेपटीवरचे सुकाणू हलवून. राइट बंधूंनी १९०२ साली ग्लायडरच्या शेपटीचे उभे पाते हलते केले, तेव्हा कुठे त्यांना वळण साधले.

म्हणजे हालचाल हवी बारीक आणि अखंड. म्हणून पेडलच्या रंगरूपापेक्षा आत संवेदक कोणता, ते विचारावे. स्वस्त पेडलमध्ये बहुधा पोटेन्शिओमीटर असतो. त्यात कार्बनच्या पट्टीवर स्पर्शक घासतो. पट्टी झिजली, धूळ बसली, की पाय स्थिर असूनही ऐन उतरताना नाक थरथरते. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते ना, तोच हा दोष! हॉल संवेदकाजवळून चुंबक नुसता सरकतो. घासत काहीच नाही. जादा पैसे मोजायचे तर ते यासाठीच, असे आमचे मत आहे.

गुळगुळीत फरशीवर मात्र कोणतेही पेडल सरकते. आम्ही ते फळीवर स्क्रूने बसवून फळी भिंतीला टेकवली आहे.