भडंगाच्या परवान्याला किती पैसे पडतात?

सातारा-सांगली भागात कुणी घरी चटण्या, मेतकूट, भडंग किंवा दिवाळीचा फराळ करून विकायचं मनात आणलं, की भांडवलाच्या आधी लायसनची चर्चा सुरू होते. नात्यातलं कुणीतरी ठासून सांगतं, "नुसत्या कागदपत्रांनाच पंधरा-वीस हजार जातात. शिवाय जीएसटी, शिवाय सीएची फी." बऱ्याच जणींचा बेत इथंच बारगळतो. या सांगण्यात खरं किती आणि ऐकीव किती, हे एकदा हिशोबानं बघू.

"फूड लायसनला हजारो रुपये लागतात."

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. त्यात परवाना आणि नोंदणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर नोंदणी पुरते आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. पाच वर्षांचे एकदम भरले तरी ५००. अर्ज फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर होतो. फोटो, ओळखपत्र आणि पत्ता एवढ्यावर काम भागतं, आणि हा पत्ता राहत्या घराचा चालतो. एजंटनं दोन-अडीच हजार घेतले असतील, तर त्यातले सरकारचे शंभर आणि उरलेली त्याची मजुरी. मजुरी घ्यायला हरकत नाही, पण तिला "सरकारी फी" म्हणायला आहे.

उद्यम नोंदणी तर पूर्ण मोफत आहे. १ जुलै २०२० पासून ती आधार क्रमांकावर आणि स्वयंघोषणेवर होते, कागदपत्रं जोडावी लागत नाहीत. तरीही उद्यमच्या नावानं पैसे घेणारी, सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळं ढिगानं आहेत. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर तिथं एक रुपयाही भरू नका.

शॉप ॲक्टबद्दल अजून जुन्या कायद्याचीच भीती आहे. २०१७ च्या नव्या कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून मोकळं केलं. त्यांनी धंदा सुरू केल्यावर ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोचपावती घ्यायची. ही पावती उद्यमच्या प्रमाणपत्रासोबत बँकेत उपयोगी पडते. एकल मालकीच्या धंद्याचं करंट अकाउंट उघडताना बँका सहसा धंद्याचे दोन पुरावे मागतात, ते या दोन कागदांत भागतात.

"जीएसटी नंबर घेतलेला बरा, उगाच भानगड नको."

माझ्या मते खरा खर्च इथून सुरू होतो. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. शिवणकाम, पार्लर, शिकवणी अशा सेवांना ही मर्यादा २० लाखांची आहे. महिन्याला ४० हजारांचं भडंग विकणारी ताई वर्षाला पावणेपाच लाखांच्या थोडी पुढं जाते. मर्यादा तिच्यापासून कोसभर लांब आहे.

नंबर मोफत मिळतो, त्यामुळे मोह होतो. पण एकदा घेतला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र चुकत नाही. शून्य विवरणपत्राला उशीर झाला तरी दिवसाला २० रुपये दंड, एका विवरणपत्रामागे कमाल ५००. शिवाय सीएची दरमहाची फी. जीएसटीच्या नोंदणीबरोबर महाराष्ट्राचा व्यवसाय करही मागं लागतो, वर्षाला २५०० रुपये. (बायकांना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर माफ आहे, असं इथं हमखास ऐकू येतं. ती माफी महिन्याच्या पगाराला आहे, स्वतःच्या धंद्याला नाही.) म्हणजे "भानगड नको" म्हणून घेतलेला नंबर हीच भानगड होऊन बसते.

पण एक रेघ अशी आहे जिथं ४० लाखांचा आकडा कामी येत नाही, आणि सांगलीकरांच्या ती अगदी दाराशी आहे. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकायची तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. मिरजेतून म्हैसाळमार्गे कागवाडच्या किंवा पुढं अथणीच्या दुकानात भडंग पाठवलं की कर्नाटक लागलं. पन्नास पाकिटं असली तरी आंतरराज्य विक्रीच. तेच गिऱ्हाईक मिरजेला घरी येऊन रोखीनं घेऊन गेलं, तर विक्री महाराष्ट्रातली. पापडाचं आणखी वेगळं : त्यावर जीएसटीच शून्य आहे, म्हणून फक्त पापड विकणारीनं ते अथणीला पाठवले तरी नोंदणीची गरज नाही. भडंग-चिवड्यासारख्या नमकीनवर मात्र सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे.

"चार पैसे दिसले की इन्कम टॅक्स लागतो."

आयकर विक्रीवर लागत नाही, नफ्यावर लागतो. लहान धंद्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे : बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या विक्रीच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के उत्पन्न धरायचं, वह्या ठेवायच्या नाहीत. वरच्या ताईचे सगळे पैसे यूपीआयनं आले, तर धरलेलं उत्पन्न होतं २८,८०० रुपये. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि सवलत धरून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरही कर शून्य होतो. तेव्हा क्यूआर कोडला भिऊन रोख मागण्यात काही मतलब नाही.

हे झालं नसत्या भीतीचं. आता ज्या खर्चाबद्दल सहसा कुणी बोलत नाही तो.

पाकिटबंद माल विकायचा तर वैधमापन खात्याकडे पॅकिंग करणारा म्हणून नोंदणी लागते, शुल्क ५०० रुपये. इलेक्ट्रॉनिक काट्याचं दरवर्षी पासिंग करावं लागतं. आणि लेबल. पाव किलो भडंगाचं पाकीट हातात धरा : नाव आणि पत्ता, १४ आकडी अन्न नोंदणी क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, वजनाच्या उतरत्या क्रमानं घटक, शेंगदाणे आहेत ही ॲलर्जीची सूचना, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन. किंमत १०० रुपये असेल तर ग्रॅमला ४० पैसे, हेही छापायचं. हे सगळं तपासून न घेता पाच हजार स्टिकर छापले आणि एक ओळ राहिली, तर सगळी छपाई रद्दीत. सगळ्या सरकारी शुल्कांच्या बेरजेपेक्षा हा फटका मोठा असतो.

तसंच गॅसचं. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. भाव ठरवतानाच तो धरा. विजेची भीती मात्र पोकळ आहे. घराच्या काही भागात धंदा असला, तरी महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत आणि आधीच्या वर्षाचा ३६०० च्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. वीज नियामक आयोगाच्या महावितरणसाठीच्या दरआदेशात तशी तरतूद आहे.

परवाना मिळणं खरोखर अवघड कधी असतं, याचं उदाहरण साताऱ्याच्याच माण तालुक्यात आहे. म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जदार बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. बायका अक्षर शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेच्या परवान्यासाठी एवढं करावं लागलं हे समजण्यासारखं आहे. लोणच्याच्या नोंदणीला यातलं काहीच लागत नाही.

घरगुती खाद्यधंद्याचा सुरुवातीचा सरकारी खर्च, पाच वर्षांची अन्न नोंदणी आणि वैधमापन धरून, हजाराच्या आसपास जातो. काट्याचं पासिंग आणि पोर्टलचं किरकोळ सेवाशुल्क वेगळं. अर्ज स्वतः भरायचा नसेल तर सेवा केंद्रात किंवा एजंटकडे खुशाल जा, पण आधी एवढं करा : सरकारी शुल्क किती आणि त्याची मजुरी किती, हे दोन वेगळे आकडे कागदावर लिहून मागा, आणि शुल्काची ऑनलाइन पावती तुमच्याच नावाची घ्या.