शेतकऱ्याचें घर : थोड्या पैशांत, वर्षावर्षानें

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' अशी म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या दोन्ही कार्यांत माणूस अंदाजाबाहेर जातो व कर्जांत सांपडतो, हा तिचा अर्थ. लग्नाच्या खर्चाविषयीं पुष्कळ बोललें व लिहिलें जातें. परंतु नवें घर बांधण्याचें सामर्थ्य नसतां आहे तेंच घर नीट करूं इच्छिणाऱ्या मध्यम स्थितीच्या शेतकऱ्याचा विचार फारसा झालेला दिसत नाहीं. जमिनीची सुधारणा आपण हप्त्यांनीं करतों. यंदां एका शेतास बांध घातला, पुढील वर्षीं विहिरीवरून पाइप नेला, त्यापुढील वर्षीं फळझाडें लावलीं, हा क्रम आपल्या अंगवळणीं पडलेला आहे. घराच्या बाबतींत मात्र 'करीन तर एकदम, नाहीं तर आहे तें बरें' अशी वृत्ति दिसते. आमचें म्हणणें असें कीं, घर हेंहि शेताप्रमाणेंच दर वर्षीं थोडें थोडें सुधारण्याजोगें आहे. मात्र कामाचा क्रम चुकतां कामा नये. क्रम चुकला तर थोडा पैसाहि फुकट जातो, आणि प्रसंगीं पैशाहून मोठी किंमत द्यावी लागते.

प्रदेशपरत्वें घरांची तऱ्हा निराळी असते. कोंकणांत व घाटमाथ्यावर कौलारू घरें, तर सोलापूर, बीड, लातूर, धाराशिव या कमी पावसाच्या बाजूस दगडमातीच्या भिंतींचीं माळवदाचीं घरें पुष्कळ आहेत. पुढील विवेचन मुख्यतः माळवदाच्या घरास धरून केलें आहे. कारण त्याची हयगय सर्वांत महाग पडते. क्रमाचें तत्त्व मात्र सर्वांस सारखेंच लागू आहे.

पैसा व हंगाम

माल विकून आलेल्या रकमेंतून पुढील हंगामाचें बियाणें, खत, मजुरी व घरखर्च बाजूला काढावा, पीककर्ज फेडावें, आणि मग जी शिल्लक राहील तिचा एक ठराविक हिस्सा, समजा चौथा, घराच्या नांवानें वेगळ्या खात्यावर ठेवावा. ज्या वर्षीं शिल्लक नाहीं त्या वर्षीं घराचें काम नाहीं, हा नियम कडकपणें पाळावा. पीककर्जाचा पैसा घराकडे वळविण्याचा मोह पुष्कळांस होतो. तें कर्ज अल्प मुदतीचें असतें. वेळेवर फेडणारास व्याजांत सवलत मिळते, आणि थकबाकी झाली कीं सवलतहि जाते व पुढील हंगामाचें कर्जहि अडतें. भिंत कांहीं वर्षाच्या आंत पैसा परत करीत नाहीं. सबब वर्षाच्या मुदतीचा पैसा भिंतींत घालूं नये.

दुसरा नियम असा कीं, दर वर्षाचें काम त्या वर्षापुरतें पुरें असावें, म्हणजे पुढें तीन वर्षें हात आंखडला तरी केलेलें वायां जाऊं नये. गांवोगांव स्लॅबवर पुढील मजल्यासाठीं सोडलेल्या सळया उघड्या गंजत असलेल्या दिसतात. मजला चढेल तेव्हां चढो, गंज मात्र दर पावसाळ्यांत आंत शिरत असतो. ज्यांस सळया सोडाव्याच लागल्या असतील त्यांनीं त्या हलक्या काँक्रीटनें झांकून ठेवाव्या.

तिसरी गोष्ट हंगामाची. सिमेंटच्या गिलाव्यास निदान सात व स्लॅबास निदान चौदा दिवस पाणी मारावें लागतें. उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याचीच ओरड. मग भिंतीवर पाणी कोण मारणार? म्हणून सिमेंटचें काम पौष-माघांत, विहिरीस पाणी असतांना उरकावें. मातीचें व छताचें काम चैत्र-वैशाखांत करावें. आणि मृग लागण्यापूर्वीं छत झांकलेलें असावें. विटा, वाळू व दगड भाव उतरले असतां आधीं घेऊन ठेवतां येतात. सिमेंट मात्र लागेल तेव्हां व लागेल तेवढेंच आणावें. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटाची ताकद साधारण एक पंचमांशानें कमी होते.

पहिलें वर्ष : छत व पाणी

पहिला पैसा छताकडे गेला पाहिजे. माळवदास खांब, तुळया, कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या व पाला, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर, अशी रचना असते. छत गळूं लागलें कीं वर आणखी माती टाकावयाची, हा उपाय वाडवडिलांपासून चालत आला आहे. दर वर्षीं माती चढते. उतरवीत कोणीच नाहीं. याचा हिशेब प्रत्येकानें एकदां करून पाहावा. दाबलेली माती घनफुटास सुमारें ४५ ते ५० किलो भरते. १५ फूट लांब व १० फूट रुंद अशा खोलीवर एक फूट थर असल्यास १५० घनफूट माती, म्हणजे सुमारें ७ टन वजन झालें. थर दोन फुटांचा असल्यास तें १४ टन होतें, आणि पावसांत भिजल्यावर त्याहूनहि अधिक. एवढा बोजा माथ्यावर घेऊन त्याखालीं आपलीं मुलेंमाणसें निजतात.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें, गणपतिविसर्जनाची रात्र सरत असतां, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी गणतीप्रमाणें जवळजवळ ८ हजार माणसें दगावलीं. जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें तो धक्का मध्यमच होता. माणसें मेलीं तीं मुख्यतः जड छताखालीं व मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीं सांपडून. तो मुलूख त्या वेळच्या नकाशांत भूकंपाच्या दृष्टीनें सर्वांत कमी धोक्याचा म्हणून दाखविलेला होता. तेव्हां 'आमच्याकडे तसें होत नाहीं' या बोलण्यावर विसंबणें शहाणपणाचें नव्हे.

यासाठीं मातीचा थर उतरवून सहा ते आठ इंचांवर आणावा. माती सर्व खोलीभर सारखी, दोन-तीन इंचांच्या थरांनीं काढावी; छतावर एका बाजूस ढीग करूं नये. कड्या उघड्या पडल्या म्हणजे टोंकदार दाभणानें टोंचून पाहाव्या. दाभण सहज आंत शिरलें तर ती कडी बदलावी. मग थोडी माती पसरून वर जाड प्लास्टिकचा कागद अखंड अंथरावा, त्यावर उरलेला थर चोपून बसवावा व पन्हाळीकडे दहा फुटांस सुमारें तीन इंच उतार द्यावा. पन्हाळ भिंतीपासून निदान दीड फूट पुढें आलेली असावी. या कामांत विकतचें सामान थोडें, घरची मेहनत पुष्कळ. आणि घरास त्यापासून होणारा लाभ सर्वांत मोठा.

त्याच वर्षीं भिंतीच्या पायथ्याचें पाणी तोडावें. काळी जमीन ओली झाली कीं फुगते व वाळली कीं भेगाळते. पाया तिच्याबरोबर वरखालीं होतो, व भिंतीस तडे जातात. घराभोंवतीं तीन फूट रुंदीचा, बाहेर उतरता, फरसबंदीचा पट्टा घातला म्हणजे हा उपद्रव पुष्कळच कमी होतो.

दुसरें वर्ष : भिंती व खांब

वरचा बोजा कमी झाल्यावांचून भिंतीस हात लावूं नये. म्हणूनच हें काम दुसऱ्या वर्षाचें. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत भक्कम वाटते, परंतु पुष्कळ ठिकाणीं ती वास्तविक दोन पातळ भिंती पाठीस पाठ लावून उभ्या असलेल्या, व मधें गोटे आणि माती भरलेली, अशी असते. आरपार जाणारा दगड नसला म्हणजे दोन्ही अंगें एकमेकांपासून सुटतात व भिंतीस पोट येतें. उपाय असा : उंचींत दर दोन फुटांवर व लांबींत दर चार फुटांवर एकेक दगड हलक्या हातानें काढून सुमारें तीन इंचांचें आरपार भोंक करावें, त्यांत दोन्ही टोंकांस आंकडा वळविलेली सळई घालून काँक्रीट भरावें. एक भोंक भरून पक्कें झाल्यावरच शेजारचें घ्यावें. घणाचे घाव घालूं नयेत. जेथें पोट फारच आलें असेल तेथें छतास टेकू देऊन तेवढा भाग उतरवून, लांब दगड आरपार घालून, पुन्हां रचावा. या वर्षीं एखाद्या जाणत्या इंजिनिअरास घर दाखवून घ्यावें. त्यासाठीं दिलेली फी हा वाचविण्याजोगा खर्च नव्हे.

किल्लारीच्या भागांत जेथें छत भिंतींवर नसून लांकडी खांबांवर होतें, तेथें कित्येक घरांत भिंती ढासळूनहि छत उभें राहिलें. यावरून जुन्या सागवानी खांबांचें मोल कळून येईल. शहरांतील व्यापारी खेड्यांतून जुनें लांकूड घेत फिरतात, आणि आपण खांब व कोरीव दारें त्यांस मिळेल त्या भावानें देऊन, त्याच पैशांत भुशाच्या फळीचें कपाट आणतों. हा व्यवहार आंतबट्ट्याचा होय. खांबाचा बुंधा तळखड्याशीं कुजला असल्यास तेवढा कापून नवा जोड द्यावा व तळखडा जमिनीच्या वर राहील असें करावें. खांब व तुळई यांच्या कोनांत तिरपे टेके ठोकून घ्यावे.

तिसरें वर्ष : स्वयंपाकघर व मोरी

या वर्षाचें काम घरधन्याच्या मनानें नव्हे, तर घरांतील बायकांच्या विचारानें ठरवावें; कारण दिवसाचे अनेक तास तेथें त्यांस काढावयाचे असतात. ओटा त्यांच्या कमरेच्या उंचीचा असावा. गॅस घरोघर आला तरी पाणी तापविण्यास व भाकरीस चूल पुष्कळ ठिकाणीं पेटतेच. तिच्यावर धुराडें बसवून तें छताच्या वर दोन-तीन फूट न्यावें. माजघर अंधारें असल्यास छतांत झरोका ठेवून त्यावर कांच बसवावी.

मोरीचें सांडपाणी रस्त्यावर किंवा भिंतीशीं सोडूं नये. मुरमाड जमिनींत तीन फूट लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा, तळाशीं मोठे व वर लहान दगड भरून, लहान कुटुंबास पुरतो. तो विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावा. काळ्या जमिनींत पाणी मुरत नाहीं. तेथें तें नळीनें परसांत नेऊन केळी व अळूस द्यावें. नळाचे पाइप व विजेच्या तारा याच वर्षीं घालून घ्याव्या, म्हणजे पुढें गिलावा फोडावा लागणार नाहीं. विजेच्या जोडणींत अर्थिंगची काटकसर कधींहि करूं नये.

चौथें वर्ष : गिलावा व फरशी

येथवर घर दिसावयास फारसें पालटलेलें नसतें, आणि पुष्कळांचा धीर नेमका येथें सुटतो. आतां शोभेकडे वळण्यास हरकत नाहीं. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करूं नये. माती ओल घेते व सोडते. सिमेंट ती कोंडून धरतें, आणि थोड्याच वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटूं लागतात. चाळलेली माती, गव्हाचा भुसा व शेण आठ दिवस भिजत ठेवून केलेला गिलावा, किंवा चांगला मुरविलेला चुना, अशा भिंतीस मानवतो. पावसाच्या माऱ्याकडील भिंतीसाठीं रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें डांबर मिसळलेला मातीचा गिलावा शोधून काढला आहे. फरशीस शहाबादी दगड स्वस्त व टिकाऊ. आधीं स्वयंपाकघर, मग माजघर, व शेवटीं ओसरी, असा क्रम ठेवावा.

सामानसुमान

सामानांतहि आधीं राखणारें व मग मिरविणारें, असा विवेक हवा. पहिली वस्तु पत्र्याची कोठी. वाळवलेलें धान्य तींत घालून ती भिंतीपासून हातभर दूर, फळीवर किंवा विटांवर उभी करावी. उंदीर व किडे यांपासून वांचलेलें धान्य कोठीची किंमत लवकरच फेडतें. दुसरी वस्तु कुलुपाची पेटी, जींत सातबारा, खरेदीखत व बँकेचे कागद एकत्र राहतील. तिसरी वस्तु प्रत्येकास बाज व मच्छरदाणी. मण्यार रात्रीं घरांत शिरतो व जमिनीवर निजलेल्या माणसास डसतो. त्याचा दंश पुष्कळदां कळतहि नाहीं, आणि उपचारास उशीर झाला तर माणूस हातचा जातो. हप्त्यावर सोफा आणून मुलांस जमिनीवर निजविणाऱ्या गृहस्थानें याचा विचार करावा. त्यानंतर मुलांच्या अभ्यासास टेबल व चांगला दिवा. बैठकीची शोभा यानंतर खुशाल करावी; ती तोंपर्यंत थांबल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

हीं चार वर्षें कोणास सहा लागतील, कोणास आठ. दुष्काळ आला तर मधें खंडहि पडेल. त्यांत कमीपणा मानूं नये. यंदां एवढें तरी करावें : मृगापूर्वीं एके दिवशीं शिडी लावून माळवदावर चढावें, कोपऱ्यांत पहारीनें भोंक घेऊन मातीचा थर मोजावा, खोलीची लांबी-रुंदी घेऊन त्याचें वजन काढावें, भोंक पुन्हां नीट चोपून बंद करावें, आणि तो आंकडा घराच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. पुढचा पैसा कोठें घालावयाचा, हें त्या आंकड्यावरून ज्याचें त्यास कळेल.