नावाचा रकानाच नव्हता

2011च्या जनगणनेत मी रायपुरात प्रगणक होतो. तात्यापाऱ्यातल्या एका घरी आजोबा बाजारात गेलेले. आजींना त्यांचं नाव विचारलं, तर त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शेवटी नातवानं सांगितलं. नावाचा रकाना रिकामा ठेवून पुढे जायची सोयच नव्हती.

त्या मोजणीत आमचा जिल्हा, तेव्हाचा अखंड, म्हणजे कसडोलपासून देवभोगपर्यंतचा, 40 लाख 63 हजारांचा भरला. आता अमेरिकेची 1860ची जनगणना बघा. गुलाम: 39 लाख 53 हजार 760. जवळजवळ आख्खा रायपूर जिल्हा! त्यांच्यासाठी पत्रक वेगळं. वर मालकाचं नाव, खाली एकेका ओळीत वय, लिंग, रंग. गुलामाच्या नावाला रकानाच नाही.

1790 साली हा आकडा सात लाखांच्याही आत होता. 1808पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी होती, तरी तो चाळीस लाखांच्या जवळ गेला, कारण गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल जन्मतःच मालकाचं. शिवाय 1793 साली सरकी काढायचं यंत्र आलं आणि कापसाच्या काही हजार गाठींच्या जवळपास 40 लाख गाठी झाल्या. देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा. या माणसांची बाजारातली किंमत 300 कोटी डॉलरच्या घरात धरतात. देशातले सगळे रेल्वेमार्ग आणि सगळे कारखाने एकत्र केले तरी एवढं भांडवल होत नव्हतं. माणशी साडेसातशे डॉलर. एवढी मालमत्ता कोण सुखासुखी सोडेल?

मला प्रगणक म्हणून सगळ्यात जास्त चक्रावून टाकतं ते वेगळंच. गुलामाला मत नव्हतं, पण संसदेतल्या जागा ठरवताना तो तीन-पंचमांश माणूस धरला जाई. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. 39 लाख 53 हजारांचे तीन-पंचमांश म्हणजे पावणेचोवीस लाख. ज्यांना गप्प बसवलं, त्यांच्याच जोरावर मालकांच्या राज्यांचं संसदेतलं वजन वाढत होतं. म्हणूनच नवं राज्य गुलामीचं की बिनगुलामीचं, यावर दर वेळी रण पेटे. 1854 साली, म्हणजे भोसल्यांचं रायपूर इंग्रजांच्या ताब्यात गेलं त्याच वर्षी, कॅन्ससचा निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोपवला गेला आणि दोन्ही बाजूंचे लोक बंदुका घेऊन तिथे राहायला गेले.

1860 साली लिंकन चाळीस टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांचं म्हणणं एवढंच, की गुलामी नव्या प्रदेशांत पसरू नये. त्यांनी शपथ घेण्याआधीच सात राज्यं फुटून निघाली. 12 एप्रिल 1861ला सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि यादवी युद्ध सुरू झालं.

पुढच्या चार वर्षांत मेलेल्या सैनिकांचा जुना अंदाज 6 लाख 20 हजार. नवा साडेसात लाखांपर्यंत जातो. जुनाच धरला तरी दिवसाला सव्वाचारशे. आझाद हिंद एक्स्प्रेस आमच्या स्टेशनात येते, तिच्या जुन्या स्लीपरच्या डब्यात 72 बर्थ असायचे. म्हणजे सहा डबे भरून माणसं, रोज, चार वर्षं. त्यातली दोन-तृतीयांश हगवण, विषमज्वर असल्या रोगांनी गेली.

1865 साली गुलामी कायद्यानं संपली. पुढची जनगणना 1870ची. प्रगणक दारोदार गेले. या वेळी सगळ्यांना पत्रक एकच होतं आणि पहिला प्रश्न होता, नाव काय?