बंद पडलेली डिस्क ड्राइव्ह आणि पेढीचे जुने दप्तर

आमच्या बहुतेक सभासदबंधूंच्या पेढीवर आता लाल वेष्टनाची वही दिवाळीच्या पूजनापुरती उरली असून नित्याचा जमाखर्च संगणकावर होतो. परंतु दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे हिशेब आणि घरातील लग्नकार्यांची चलचित्रे आजही सीडी व डीव्हीडी या तबकड्यांवर कपाटात पडून आहेत. जुन्या लॅपटॉपची डिस्क ड्राइव्ह बंद पडली की या ठेव्याचे दारच बंद होते. अशा वेळी नवा लॅपटॉप घेण्याचा सल्ला मिळतो. पण आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये ही ड्राइव्ह नसतेच! म्हणून अल्प खर्चात कोणता मार्ग काढता येतो, ते येथे थोडक्यात सांगत आहोत.

प्रथम दोष कोठे आहे हे ठरवावे. कारखान्यात छापलेली एखादी चांगली तबकडी लावून पाहावी; ती चालली तर दोष ड्राइव्हचा नसून आपल्या तबकडीचा होय. सीडी वाचण्यास ७८० नॅनोमीटरचा व डीव्हीडीस ६५० नॅनोमीटरचा लेसर किरण लागतो. म्हणून एक प्रकार चालतो आणि दुसरा चालत नाही, असेही घडते. कप्पा अडकला असल्यास लॅपटॉप बंद करून ड्राइव्हच्या तोंडावरील बारीक छिद्रात सरळ केलेली तार हलकेच दाबावी. कप्पा बाहेर येतो. भिंगावरील धूळ यंत्र बंद असताना कोरड्या, मऊ कापसाने अलगद टिपावी. एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते.

ड्राइव्ह खरोखरच निकामी झाली असेल तर ती बदलणे फारसे अवघड नसते. पुष्कळ जुन्या लॅपटॉपमध्ये ती तळाच्या एकाच स्क्रूने धरलेली असते. वीज व बॅटरी काढून तो स्क्रू सोडविला की ती बाजूने सरकून बाहेर येते. नवी घेताना दोन गोष्टी पाहाव्यात : जाडी १२.७ मिलिमीटर आहे की ९.५, आणि जोडणी साटा आहे की त्याहून जुनी आयडीई. जुनी ड्राइव्ह सोबत नेणे सर्वांत उत्तम. सिकंदराबादेत पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये किंवा कोठीच्या गुजराती गल्लीत चौकशी करावी. जुन्या ड्राइव्हची दर्शनी पट्टी काढून नवीवर बसवावी, म्हणजे ती लॅपटॉपला शोभेल.

याहून सोयीचा मार्ग म्हणजे यूएसबीने जोडण्याची बाहेरची ड्राइव्ह. एकच ड्राइव्ह दुकानातील व घरातील सर्व यंत्रांना चालते. यूएसबी २.० च्या एका खाचेतून केवळ ५०० मिलिअँपिअर वीज मिळते. ती अपुरी पडल्यास दोन टोकांची तार वापरावी. विंडोज नव्याने घालण्यासाठी तर तबकडीची गरजच उरलेली नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. निकामी ड्राइव्हच्या रिकाम्या जागी, कॅडी नावाच्या चौकटीत, दुसरी हार्ड डिस्कही बसविता येते.

तथापि ड्राइव्ह चालू झाली म्हणजे काम संपले असे समजू नये. घरी भरलेल्या तबकडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटलेली असते आणि उष्णतेने व उजेडाने तो थर बिघडतो. आपल्या हैदराबादचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहेच. म्हणून ड्राइव्ह हाती येताच प्रत्येक तबकडीची नक्कल दोन वेगवेगळ्या ठिकाणी करून ठेवावी आणि एखादे खाते उघडून त्याची शिल्लक मूळ कागदाशी ताडून पाहावी. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने दप्तर जपावे लागते, आणि अपील चालू असल्यास त्याच्या निकालानंतर एक वर्षापर्यंत, या दोहोंपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर. अधिकाऱ्याने विचारले असता तबकडी उघडत नाही, हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

अशी ड्राइव्ह वर्षातून चार दिवस लागते. प्रत्येकाने ती विकत घेण्यापेक्षा शेजारच्या दोन-चार पेढ्यांनी मिळून एक ठेवली तर खर्च वाटला जाईल आणि कोणाचेही जुने दप्तर अडून राहणार नाही. येत्या वहीपूजनापूर्वी सभासदबंधूंनी आपली कपाटे एकदा उघडून पाहावीत, अशी आमची नम्र सूचना आहे.