आज्ञावलीचा प्रवास : भांडारातून सर्व्हरपर्यंत

१ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी साडेनऊ वाजता न्यूयॉर्कचा शेअरबाजार उघडला आणि नाइट कॅपिटल या दलाली संस्थेचे संगणक खरेदी-विक्रीचे आदेश सोडू लागले. ग्राहकांकडून आलेले आदेश होते अवघे २१२. परंतु पुढील सुमारे ४५ मिनिटांत त्यांपोटी लक्षावधी आदेश बाजारात गेले, १५४ प्रकारच्या समभागांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि संस्थेचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. यंत्र बिघडले नव्हते, कोणी घातपातही केला नव्हता. नवी आज्ञावली आठ सर्व्हरवर बसवावयाची होती. ती सातांवर बसली, आठव्यावर बसवावयाची राहून गेली.

अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने ऑक्टोबर २०१३ मध्ये या संस्थेला १ कोटी २० लक्ष डॉलरचा दंड केला. त्या आदेशात हा सारा वृत्तान्त आला आहे. नवी आज्ञावली टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर चढविण्यात आली. एका सर्व्हरवर ती उतरविण्याचे तंत्रज्ञाकडून राहिले, आणि दुसऱ्याने ते काम तपासावे असा लेखी नियम नव्हता. त्या सर्व्हरवर 'पॉवर पेग' नावाची, २००३ पासून वापरात नसलेली जुनी आज्ञावली तशीच पडून होती. तिला जागे करणारी जी खूण, तीच नव्या कामासाठी पुन्हा योजलेली! किती समभाग पदरात पडले हे मोजून थांबण्याची सोय २००५ मधील एका फेरबदलात तिच्यापासून तुटलेली, म्हणून ती आदेश सोडतच राहिली. गोंधळात नवी आज्ञावली उरलेल्या सात सर्व्हरवरूनही काढण्यात आली आणि जुनी तेथेही चालू झाली. बाजार उघडण्यापूर्वीच 'पॉवर पेग'चा उल्लेख असलेले ९७ इ-मेल संगणकाने आपोआप धाडले होते. त्यांची दखल त्या दिवशी कोणी घेतली नाही.

माणसाच्या हाताने एकच कृती आठ वेळा करावयाची म्हटली की एखादी सुटणारच. यावरील उपाय म्हणजे हे काम संगणकाकडेच सोपविणे.

आज्ञावली लिहिणारा आपल्या संगणकावर तिचे एक भांडार ठेवतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली 'गिट' ही व्यवस्था यासाठी आज सर्वत्र प्रचलित आहे. कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद तीत राहते आणि प्रत्येक नोंदीला एक ओळखखूण मिळते. ती सर्वसाधारणपणे ४० अक्षरांची असते. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते. स्थानिक भांडारातील नोंदी मध्यवर्ती भांडारात धाडल्या की स्वयंचलित यंत्रणा पुढील सूत्रे हाती घेते. प्रथम ठरलेल्या चाचण्या होतात. त्यांत आज्ञावली उतरली तरच ती यादीतील प्रत्येक सर्व्हरकडे रवाना होते. हा प्रवास 'एसएसएच' या सांकेतिक मार्गाने होतो. फिनलंडमधील टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये, विद्यापीठाच्या जाळ्यातील परवलीचे शब्द चोरीस गेल्यानंतर, हा मार्ग निर्माण केला.

सरकारी कचेरीत नक्कल मूळ कागदाशी ताडून पाहतात, तिला रुजुवात म्हणतात. येथेही रुजुवात होते. प्रत्येक सर्व्हरवरील खूण भांडारातील खुणेशी ताडली जाते आणि एक जरी सर्व्हर मागे राहिला तरी सारी फेरी अयशस्वी म्हणून नोंदली जाते. हीच रुजुवात नाइट कॅपिटलमध्ये झाली नव्हती.

माघारीची वाटही आधीच आखलेली असते. 'कॅपिस्ट्रानो'सारख्या साधनात प्रत्येक आवृत्ती वेगळ्या कप्प्यात उतरते व जुने काही कप्पे जागेवरच राहतात. चालू आवृत्ती कोणती, हे केवळ एक दर्शक सांगतो. नवी आवृत्ती सदोष निघाली तर दर्शक मागच्या कप्प्याकडे वळविला की क्षणार्धात काम भागते. २०१२ मध्ये आलेल्या 'अॅन्सिबल'ची रीत निराळी. सर्व्हरची अपेक्षित स्थिती त्यात लिहून द्यावयाची. जेथे ती आधीच आहे तेथे काहीही केले जात नाही.

अर्थात, स्वयंचलन चुकाही तितक्याच तत्परतेने पोचविते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीची एक सदोष फाइल एकाच वेळी जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण बंद पडलेल्या संगणकांपैकी बहुसंख्य प्रत्यक्ष जाऊन सुरू करावे लागले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. म्हणून नवी आवृत्ती प्रथम एक-दोन सर्व्हरवर उतरवावी, काही काळ पाहावी व मगच पुढे न्यावी, ही पद्धत अधिक शहाणपणाची. यात वेळ जातो हे खरे, पण तो वाया जात नाही.

एका ठिकाणी मात्र दर्शक मागे वळवून भागत नाही. आज्ञावली मागे घेता येते; तिने दरम्यान बदललेली माहिती तशी परत येत नाही. सातबारा उताऱ्यासारखे अभिलेख आता महाराष्ट्रात संगणकावरून मिळतात. तेथे एखाद्या रकान्यात चुकीची भर पडली तर जुनी आवृत्ती आणून तो रकाना दुरुस्त होणार नाही. यास्तव माहितीच्या रचनेत फेरबदल करण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवतात आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडते की नाही, हेही पाहून घेतात.